चक्की फिरेपर्यंत

गावात अक्काला दोन नावं होती. तोंडावर सगळे अक्का म्हणत आणि पाठ फिरली की हातोडी. दुसरं नाव तिच्या कानावर कधीच गेलं होतं आणि तिला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. अंगानं ती काटकुळी, उंचीला जेमतेम. पण भाड्यानं मळणीयंत्र चालवण्यात तिची हयात गेली होती आणि त्या कामानं तिचे हात असे घडले होते की तिनं सहज खांद्यावर थाप मारली तरी माणूस अर्धा दिवस खांदा चोळत बसे.

हातोडी हे नाव पडलं वजनकाट्यावर. धान्याच्या एका व्यापाऱ्यानं काट्याच्या फळीवर हळूच पाय टेकवला होता. अक्कानं वाद घातला नाही. तिनं शेजारचं लोखंडी वजन उचललं आणि त्या पायावर ठेवलं. "ठेवलं" हा तिचा शब्द. व्यापारी नंतर बरेच दिवस एकाच पायात चप्पल घालून हिंडत होता आणि तिच्या धान्याचं माप मात्र तेव्हापासून चोख येत होतं.

गावही तिला साजेसंच होतं. वरच्या आणि खालच्या गल्लीचं हाडवैर कशावरून सुरू झालं ते कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे मिटवायचं तरी काय हाही प्रश्नच होता. बांधावरून, पाण्यावरून, कुणाच्या म्हशीनं कुणाचं काय खाल्लं यावरून डोकी फुटत. सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर बदलून आला की आधीचा डॉक्टर त्याला टाके घालायच्या दोऱ्याचा साठा दाखवी आणि मगच किल्ल्या हातात देई.

अक्काला जवळची म्हणावी अशी माणसं दोन. एक नवरा. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि मुंगी पायाखाली आली तरी वाट बदलायचा. हेल्मेट न घालता हातोडीशेजारी झोपणारा गावात मी एकटाच, असं तो चारचौघांत सांगे आणि अक्का हसू दाबत दुसरीकडे बघे. दुसरा तिचा धाकटा भाऊ. त्याला सगळं गाव धाकटाच म्हणे. आई गेली तेव्हा तो नुकता चालायला लागला होता आणि बापाला बाटलीशिवाय काही उचलायची सवय नव्हती. अक्कानंच त्याला वाढवलं, ट्रॅक्टर शिकवला, त्याचं लग्न लावून दिलं. वाटणी झाली तेव्हा विहिरीजवळचं रान तिनं स्वतःकडे ठेवलं, कारण ते तिनं स्वतः कसलं होतं. धाकट्याला आला गावामागच्या माळावरचा खडकाळ तुकडा. त्यानं तो घेतला. पण त्या दिवसापासून तो बहिणीच्या घरचं पाणीही उभ्यानंच पिऊ लागला.

त्या माळावर वारा मात्र असा होता की डोक्यावरची टोपी हातात घेऊनच चालावं लागे. एके वर्षी शाळेतल्या मास्तरांनी एका इंजिनिअरला आणलं. त्यानं माळावर उंच खांब रोवला, वर्षभर वारा मोजला आणि सांगितलं की इथं पवनचक्क्या उत्तम चालतील. पाठोपाठ एका कंपनीचा दलाल आला. त्याच्या जिभेवर साखर होती. माळ आम्हाला भाड्यानं द्या, चक्क्या आमच्या, कटकट आमची, तुम्ही घरी बसून पैसे घ्या, असं तो दारोदार सांगत फिरला. मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. चक्क्या गावानंच उभारायच्या. संस्था काढायची, एक घर एक सभासद, एक मत. चक्कीचा खांब कुणाच्याही रानात उभा राहो, मिळकत सगळ्या घरांना सारखी. बँक कर्ज द्यायला तयार होती.

शाळेच्या हॉलमध्ये पहिली सभा भरली. धाकटा उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "खडक होता तेव्हा तो माझा एकट्याचा. आता वारा लागला तर सगळ्या गावाचा. हे कुठलं गणित?"

प्रश्न खोटा नव्हता, आणि म्हणूनच कुणाला उत्तर सुचेना. ज्यांना उत्तर सुचत नाही ती माणसं काय करतात हे त्या गावात वेगळं सांगायला नको. वरच्या गल्लीतल्या दूधवाल्यानं धाकट्याला लोभी म्हटलं. खालच्या गल्लीतल्या वेल्डरचं धाकट्याशी काहीच देणंघेणं नव्हतं, पण दूधवाल्याशी होतं, म्हणून त्यानं दूधवाल्याला खुर्ची फेकून मारली. ती चुकून बँकेच्या साहेबांना लागली. मग सगळा हॉलच उठला. वेल्डरचे पुढचे दोन दात गेले आणि फळ्याचे दोन तुकडे झाले. अक्कानंही हात धुऊन घेतले, खोटं कशाला सांगा.

बँकेनं कळवलं की अशा गावाला कर्ज देता येणार नाही. मास्तर डोक्याला हात लावून बसले. तेव्हा नियम सुचवला तो अक्कानंच. ज्यानं कुठल्याही सभासदाच्या अंगाला हात लावला, मग तो सभेत असो, रानात असो की रस्त्यावर, त्याचं मत गेलं. तिच्या तोंडून हे ऐकून लोकांना आधी हसूच आलं. मग हसू थांबलं, कारण हातोडी जर हात आवरायला तयार असेल तर आपण कोण, असं ज्याला त्याला वाटलं. फक्त वेल्डर फटीतून शिट्टीसारखा आवाज काढत म्हणाला, जन्मभर? जन्मभर कसं जमायचं? त्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी सगळ्यांच्या संमतीनं मुदत ठरली: पहिली चक्की फिरेपर्यंत.

मास्तर शिकलेले होते, बँकेचे साहेब त्याहून शिकलेले. पण मुदत घालून आपण काय करून ठेवतोय हे त्या खोलीत एकाच्याही ध्यानात आलं नाही.

नियम पाळला गेला. गाव इतकं शांत झालं की कुत्री बिथरली. बांधावर दोघे समोरासमोर आले, नाकाला नाक भिडलं, तरी मुठी खिशात जात आणि एकजण म्हणे, "चक्की फिरू दे, मग बघतो." दुसरा म्हणे, "फिरू दे." हे वाक्य सगळीकडे ऐकू येऊ लागलं, रांगेत, दुकानात, लग्नाच्या पंगतीत. बाहेरून आलेल्या इंजिनिअरला मोठं कौतुक वाटलं. या गावाइतकी चक्कीची आतुरता आपण कुठंच पाहिली नाही, असं त्यानं बँकेला कळवलं.

शेवटचं मतदान जवळ आलं. संस्था की कंपनी, याचा निकाल त्या दिवशी लागणार होता. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या आणि कुंपणावर बसलेली घरं अक्काच्या तोंडाकडे बघून होती. दलालानं हे हेरलं. तुमच्या बहिणीला एकदा हात उचलायला लावा, बाकीचं मी बघतो, असं तो धाकट्याला म्हणाला. त्यानं त्याला दारू पाजली. नियमात एक खिंडार होतं तेही दाखवलं: एक घर एक सभासद. अक्काच्या घरातून सभासद अक्का होती. तिचा नवरा नव्हता.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटा बहिणीच्या अंगणात आला. तिचा नवरा खाली बसून पंप उघडत होता. तो पंप धाकट्याचाच होता आणि फुकटात दुरुस्त होत होता. अक्का कुंपणासाठी खड्डा खणत होती. धाकट्यानं आधी तोंडानं सुरुवात केली. विहिरीचं रान चोरलंस, म्हणाला. तुझ्या पोटी मूल नाही म्हणून माझ्या मुलांच्या तोंडचा घास पळवतेस, म्हणाला. अक्का खणत राहिली. पहारीचे घाव जरा जोरात पडू लागले, एवढंच.

नवरा न उठताच म्हणाला, "अरे बस, आधी पाणी पी."

धाकट्यानं जमिनीवरचा मोठा पान्हा उचलला. त्याला दाजींच्या खांद्यावर एक ठेवून द्यायचा होता, नुसता ठणका बसेल एवढा, असं तो नंतर ज्याला त्याला सांगत राहिला. आणि ते खरं असावं. पण नेमका त्याच क्षणी दाजी उठले. पान्हा डाव्या डोळ्यावर बसला. आवाज फार मोठा झाला नाही. दाजी पंपावर आडवे झाले आणि बोटांच्या फटींतून रक्त पंपाच्या उघड्या तोंडात गळू लागलं.

अक्का पहार घेऊन आली. तिनं ती डोक्यावर उचललीही. धाकटा जागचा हलला नाही. तो पांढराफटक पडला होता, हातातला पान्हा गळून पडला होता, आणि बहिणीकडे बघत तो थांबला होता. रस्त्यावर दलालाची गाडी उभी होती. अक्कानं गाडी पाहिली. पहार खाली आणली, स्वतःचं मनगट तोंडात धरलं आणि असा चावा घेतला की मांसाचा लचका सुटून लोंबू लागला. मग रक्ताळलेल्या तोंडानं ती एवढंच म्हणाली, "चक्की फिरू दे."

नवऱ्याचा डोळा वाचला नाही. दुसऱ्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून ती मतदानाला आली, चिठ्ठी टाकली आणि पुन्हा दवाखान्यात जाऊन बसली. संस्था निसटत्या मतांनी जिंकली. कुंपणावरची घरं अंगणातली हकीकत ऐकून एका रात्रीत खाली उतरली होती. दलालाची गाडी पुन्हा गावात दिसली नाही.

मग काम सुरू झालं आणि ते काही वर्षं चाललं. रस्ता रुंद झाला, माळाचा खडक फोडला, सळया बांधल्या, चौथऱ्यात काँक्रीट ओतलं. गाव फुटलेल्या पायानं आणि गच्च आवळलेल्या जबड्यानं राबलं. धाकटाही रोज कामाला यायचा. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, त्याच्याजवळ बसून कुणी जेवत नव्हतं. गावाच्या तोंडचा घास विकायला निघालेला म्हणून दोन्ही गल्ल्या त्याच्यावर दात धरून होत्या. सगळ्या हाडवैरात दोन्ही गल्ल्यांचं एकमत झालं ते त्याच्यावरच. तो पळून का गेला नाही हे लोकांना कोडं होतं. बायकोनं विनवलं, मुलं घेऊन माहेरी गेली, तरी तो गेला नाही. सळया बांधताना तो आणि अक्का हाताच्या अंतरावर काम करत आणि दोघांत एक शब्द होत नसे. अक्का ती पहार रोज कामावर आणायची. खडकात तिचा उपयोग होता हे खरं. पण संध्याकाळी घरी नेऊन ती पुसून, तेल लावून ठेवायची, तेव्हा एका डोळ्याचा नवरा म्हणायचा की ही आता ठेव बाजूला. ती ऐकल्यासारखं करायची.

मोठ्या ट्रकवरून पाती आली, क्रेन आली, खांब उभा राहिला. आणि तो दिवस उजाडला.

चौथऱ्यासमोर मांडव घातला होता. बँकेचे साहेब आले, इंजिनिअर सहकुटुंब आला. गावातले पुरुष एकजात जाड बूट घालून आले होते आणि एकाही बाईनं बांगडी घातली नव्हती. पाहुण्यांना यात काही वेगळं दिसलं नाही. धाकटा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आला आणि शेवटच्या खुर्चीवर बसला. अक्का समोरच्या रांगेत होती. पहार मांडीवर आडवी.

कळ दाबली गेली. पाती आधी नुसतीच थरथरली. मग एक पातं सावकाश खाली आलं, दुसरं वर गेलं, आणि चक्की फिरू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. साहेब भाषणाला उभे राहिले. त्यांचं पहिलं वाक्य पुरं होईपर्यंत गावानं सभ्यपणा पाळला. मग वेल्डरनं हातातला ग्लास अगदी जपून खुर्चीखाली ठेवला, दूधवाल्यापाशी गेला आणि त्याच्या नाकावर ठोसा मारला.

त्यानंतर मांडवाचा एकही बांबू जागेवर राहिला नाही. इतकी वर्षं खिशात ठेवलेल्या मुठी एकदम बाहेर आल्या होत्या. बायका बायकांच्या झिंज्या उपटत होत्या. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचे गळे धरले आणि तसेच खड्ड्यात गेले. कुणाचा कान अर्धा तुटून लोंबत होता आणि तो तसाच लढत होता. बँकेचे साहेब गाडीकडे पळाले, त्यांचा एक बूट मागे राहिला. मास्तर माइकवरून नियम, नियम असं ओरडत होते, पण नियम संपला होता. वर चक्की फिरत होती.

पाच-सहा जणांनी धाकट्याला चौथऱ्यामागे ओढलं. त्यात दोन्ही गल्ल्यांचे लोक होते. एकाच्या हातात सळईचा तुकडा होता, दुसऱ्यानं दगड उचलला होता. ते गडबड करत नव्हते, आरडाओरडा नव्हता, आणि भीती त्याचीच होती. धाकट्याचा इस्त्रीचा सदरा फाटला, तोंड फुटलं, तो गुडघ्यांवर आला. सळई त्याच्या बरगड्यांत बसली आणि आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

अक्काच्या नवऱ्यानं ते एका डोळ्यानं पाहिलं. तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "ठार मारतील ते त्याला. तुझ्या मनात काय असेल ते नंतर बघ. आधी जा."

अक्का गेली. ती कुणाला थांबा म्हणाली नाही, हात जोडले नाहीत. तसं केलं असतं तर तिला बाजूला सारून त्यांनी काम पुरं केलं असतं. ती एवढंच म्हणाली, "सरका. तो माझा आहे."

आणि ते सरकले. पहिला मान तिचा होता, हे सगळ्यांना कबूल होतं. धाकट्यानं वर बघितलं. अक्कानं पहार फिरवली आणि त्याच्या पाठीवर हाणली. तो तोंडावर पडला. त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून दगडवाल्यानं दगड टाकला. सळईवाला मागे झाला. कुणीतरी म्हणालं, पुरे अक्का, आणखी एकानं तिला दंडाला धरायला हात पुढे केला. गोष्ट तिथं संपली होती.

अक्कानं पहार पुन्हा उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर मारली.

पोलीस आले तेव्हा सगळ्या गावानं सांगितलं की कार्यक्रमाच्या आनंदात धक्काबुक्की झाली आणि धाकटा चौथऱ्यावरून घसरून पडला. धाकट्यानंही तेच सांगितलं. पुढच्या सभेत, चेहऱ्यांवर पट्ट्या घेऊन, गावानं तोच नियम पुन्हा मंजूर केला आणि या वेळी मुदत घातली नाही. वेल्डरसुद्धा काही बोलला नाही. त्याला आता बोलायला दातच उरले नव्हते.

गावात अक्काचं नाव झालं. बहीण असावी तर अशी, लोक म्हणू लागले. भावाला मारून भावाला वाचवलं, काय डोकं चाललं बाईचं. शेताच्या कडेनं जाता-येता बायका तिला थांबवून हात हातात घेत. नवऱ्यालाही तसंच वाटत होतं. तो आल्यागेल्याला कौतुकानं सांगे आणि सांगताना त्याच्या एकाच डोळ्यातून पाणी वाहे. अक्का ऐकून घेई. मळणीयंत्रापाशी उभी असली की तिला पहिला फटका आठवत नसे, तो जणू दुसऱ्याच कुणी मारला होता. आठवे तो दुसरा. तो मारताना तिला किती बरं वाटलं होतं, तेही आठवे.

शेवटी ती दवाखान्यात गेली. धाकट्याचा पाय गुडघ्याच्या वरून काढला होता. चादर एका बाजूला सपाट होती. खाटेजवळ एकच स्टूल होतं, त्यावर औषधं होती, म्हणून ती उभीच राहिली. धाकटा छताकडे बघतच बोलला.

"लोक म्हणतात तू मला वाचवलंस."

"पहिल्या फटक्यानं," अक्का म्हणाली.

"पाय कुठल्या फटक्यानं गेला?"

"दुसऱ्या."

त्यानं मान हलवली. म्हणजे त्याला ते ठाऊक होतं. तिथं पालथा पडलेला असला तरी मागे सरकणारे बूट त्यालाही दिसले होते.

"मग दाजींच्या डोळ्याचं फिटलं?"

अक्कानं खरंच विचार केला. इतकी वर्षं पहारीला तेल लावताना तिला या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं. तिनं स्टुलावरची औषधं उचलून खिडकीत ठेवली आणि खाली बसली.

"नाही रे," ती म्हणाली. "डोळा गेलाय तो गेलाच. आता तुझा पायही गेला."